आधी तळ बघा, मग बूट घ्या: कोकणच्या नदीत गळ टाकणाऱ्यांसाठी

गणपतीला घरी आलेला चाकरमानी तिसऱ्या दिवशी गळ घेऊन नदीवर जातो आणि तासाभरात कोपर सोलवटून परत येतो, हे आमच्या वाडीत आता आरतीइतकंच ठरलेलं आहे. पायात बहुतेक वेळा गमबूट असतो. नवाकोरा, काळा, गुडघ्यापर्यंतचा. "एवढा जाड सोल, तरी घसरलो कसा?" हा प्रश्नही दरवर्षी तोच.

मीही एकदा असाच पडलो आहे. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला शास्त्रीत, घोट्याएवढ्या पाण्यात. सोबत मामा होते, अनवाणी. मी गमबुटाच्या नक्षीकडे बघत उभा होतो. ते म्हणाले, "बुटाकडं काय बगतोस? दगडाकडं बग."

पकड एकट्या बुटात नसते. ती बूट आणि तळ या जोडीची असते. जो सोल चिखलात उत्तम, तोच शेवाळल्या कातळावर साबणाच्या वडीसारखा. आपण आधी बूट घेतो आणि कुठे उभं राहायचं ते नंतर ठरवतो, तिथेच क्रम उलटा होतो. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. पहिली पायरी गाळून थेट दुकानात गेलात, तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही.

पायरी १: बूट न घेता नदीवर जा

ज्या ठिकाणी खरोखर उभे राहणार, तिथेच जा. पाणी उतरलेलं असताना, सकाळच्या उजेडात. सोबत काठी हवी. पाण्यात शिरायचं नाही, काठावर बसून हात घालता येईल तेवढंच करायचं.

पाण्यातला एक दगड तळहाताने चोळा. काय लागतं?

*हिरवट-तपकिरी बुळबुळ, खाली टणक गुळगुळीत दगड.* हा काळा बेसाल्ट. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या वरच्या टप्प्यात, म्हणजे चिपळूणच्या वर वाशिष्ठीत, संगमेश्वरच्या वर शास्त्रीत, काजळीच्या वरच्या अंगाला, हेच गोटे. शेकडो पावसाळे घासून गोल झालेले. कोकणात सगळ्यात जास्त माणसं यांच्यावर पडतात.

*खरबरीत, भोकाभोकांचा तांबडा दगड.* जांभा. रत्नागिरी, राजापूर आणि खाली सिंधुदुर्गात व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला हा भरपूर. कोरडा असला तर कोणताही बूट धरतो. पण सावलीतल्या जांभ्यावर पावसाळ्यात जी हिरवी मखमल चढते, तिने सगळी भोकं बुजतात आणि तो बेसाल्टपेक्षाही फसवा होतो.

*वाळू आणि बारीक खडी.* इथे घसरण्याची भीती कमी. पायाखालून वाळू सरकते, ती वेगळी गोष्ट. बुटात खडी शिरणार नाही एवढं बघा, पुरे.

*काळा मऊ चिखल, त्यातून वर आलेली कांदळवनाची टोकदार मुळं.* ही खाडी. आणि खाडीतल्या दगडांवर कालवं असतात. त्यांच्या शिंपल्यांची कड पत्र्यासारखी कापते. इथे पकडीइतकंच महत्त्व पाय झाकला जाण्याला आहे.

एकाच नदीवर हे चारही तळ भेटू शकतात. शास्त्रीचंच बघा: वर गोटे, मध्ये खडी, खाली जयगड खाडीच्या बाजूला चिखल आणि कालवं. "मी शास्त्रीवर जातो" एवढं सांगून बूट निवडता येत नाही. कुठल्या कोंडीवर (डोहावर) जाता, ते सांगावं लागतं.

ऋतूबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाका. पाण्याबाहेरचा कातळ आणि पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) पावसाळ्यात जास्त निसरड्या होतात, हे खरं. पण *पाण्याखालचे* दगड सगळ्यात बुळबुळीत होतात ते दसऱ्यानंतर. पावसाळ्यात पुराचं पाणी दगड खरवडून काढतं. पाणी निवळलं, प्रवाह मंदावला, तळापर्यंत ऊन पोचायला लागलं की शेवाळाचा थर पुन्हा धरतो. पाणी नितळ, तळ स्पष्ट दिसतो, माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच आपटतो. जूनमध्ये रोरावणाऱ्या नदीत शहाणा माणूस मुळात उतरतच नाही.

> तपासा: तुमच्या नेहमीच्या जागेचा तळ एका वाक्यात सांगता येतो का? "गोल बेसाल्ट, शेवाळ जाड, पाणी गुडघ्याखाली", असा. नसेल तर परत एकदा जाऊन या.

पायरी २: तळाप्रमाणे सोल ठरवा

शेवाळल्या दगडावर पाय का सुटतो? दगड आणि सोल यांच्या मधे पाणी आणि बुळबुळीचा पातळ थर राहतो. सोल त्या थरावर तरंगतो, दगडाला लागतच नाही. म्हणजे पकडीचे दोनच मार्ग उरतात. थर फोडून खाली पोचायचं, किंवा थर बाजूला दाबून दगडाला चिकटायचं. बाजारात जे मिळतं ते सगळं या दोनपैकी एका कामासाठी आहे, फक्त दुकानदार तसं सांगत नाही.

मऊ रबर, उथळ नक्षी. ओल्या उघड्या दगडावर उत्तम. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांत बसतं. नक्षी उथळ आणि जवळजवळ असली की दगडाला टेकणारं रबर जास्त राहतं. जाड शेवाळावर मात्र एकट्या रबराचा भरवसा नाही.

कडक रबर किंवा पीव्हीसी, खोल नक्षी. आपला गमबूट यातला. खोल, एकमेकींपासून दूर असलेल्या खुंट्या चिखलासाठी असतात, कारण त्यांतून चिखल झडून जातो. गुळगुळीत दगडावर त्याच खुंट्यांची फक्त टोकं टेकतात. चार बोटांवर उभं राहिल्यासारखं. "नक्षी जेवढी खोल तेवढी पकड जास्त" हा समज शेताच्या बांधावर खरा, गोट्यांवर खोटा.

फेल्ट. सोलच्या जागी घोंगडीसारखा दाबून केलेला जाड थर. तंतू बुळबुळीत घुसतात, पाणी शोषतात आणि खालच्या दगडाला लागतात. शेवाळल्या गोट्यांवर याची पकड निःसंशय चांगली. पण चिखलात आणि ओल्या गवताच्या चढावर फेल्ट म्हणजे घसरगुंडी, आणि आपल्याकडे नदीवर उतरायची वाट बहुधा तीच असते. शिवाय आपल्या दमट हवेत तो वाळता वाळत नाही. ओल्या फेल्टमधून एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं. याच कारणाने न्यूझीलंडने २००८ मध्ये नदीतल्या मासेमारीसाठी फेल्ट सोलवर बंदी घातली. आपल्याकडे बंदी नाही, पण दोन नद्यांवर फिरत असाल तर धुणं आणि पूर्ण वाळवणं आलंच.

खिळे. सोलमध्ये बसवायचे छोटे धातूचे स्क्रू. शेवाळाचा थर फोडायला चांगले. उघड्या, कोरड्या, टणक बेसाल्टवर मात्र कठीण धातूचे खिळे सरकू शकतात, कर्रकन आवाज येतो आणि पाय निघतो. ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ते दगडाला थोडं चावतं, पण झिजतंही लवकर. खिळ्यांचे बूट होडीत घालून चढू नका, तळ खरवडला जाईल आणि होडीवाला पुन्हा घेणार नाही. घरातल्या फरशीवरून गेलात तर कोण काय म्हणेल ते मी सांगायला नको.

मग घ्यायचं काय? माझं मत असं: वरच्या टप्प्यातल्या गोट्यांसाठी घोट्याच्या वर येणारा, नाडीचा, मऊ रबराचा बूट, आणि शेवाळ जाड असेल तर सोलच्या कडेने थोडे खिळे. फेल्ट फक्त त्याने घ्यावा, ज्याची वाट दगडाचीच आहे आणि ज्याच्याकडे वाळवायला जागा आहे. खाडीसाठी वेगळी, स्वस्त जोडी ठेवा: घट्ट नाड्यांचे जाड तळाचे कॅनव्हास बूट चालतात. एकाच जोडीत डोंगर आणि खाडी दोन्ही भागवायला गेलात तर दोन्हीकडे अर्धवट.

गमबूट शेतात उत्तम, लावणीला उत्तम. नदीत नाही. वरून पाणी शिरलं की तो भरतो. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही, काठावर पाय उचलायला गेलात की कळतं. खाडीच्या चिखलात तर पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो.

*खिशातला उपाय: सुंभ.* मामांकडून शिकलेला. करंगळीएवढा जाड काथ्याचा सुंभ, सुमारे दोन मीटर. चवड्याखालून दोन वेढे घ्यायचे, वरून तिडा देऊन टाचेमागून घोट्याभोवती आणायचा आणि पुढे गाठ मारायची. गाठ तळाखाली येता कामा नये, नाहीतर तिच्यावरच पाय मुरगळेल. काथ्याचे राठ तंतू बुळबुळीत तसेच घुसतात, जसा फेल्ट घुसतो. एक-दोन दिवसांत तो विरतो, टाकून नवा घ्यायचा. जळल्यावर पीळ न सोडणारा सुंभ गोट्यावर झिजून मात्र लवकर जातो.

पायरी ३: दुकानातल्या चाचण्या

सोलवरची जाहिरात वाचू नका. बूट हातात घ्या.

१. *नख.* सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून हळूहळू भरत असेल तर रबर मऊ. नख नुसतं सरकत असेल तर तो सोल दगडावरही तसाच सरकेल.

२. *वाकवणं.* चवड्यापाशी वाकायला हवा, पण मधे पिळता येऊ नये. ओला कपडा पिळतो तसा बूट पिळला गेला, तर गोट्यांमधे घोटाही तसाच पिळला जाईल.

३. *पाण्याची भोकं.* दोन्ही बाजूंना, तळाच्या जवळ. नसतील तर बूट म्हणजे लोटा. भोकांना जाळी हवी, नाहीतर खडी आत.

४. *पुढचं टोक.* बोटं झाकणारं, कडक. पुढे उघडे सँडल कितीही छान दिसले तरी कालवांच्या दगडावर नकोत.

५. *चामडं नको.* भिजून, वाळून, बुरशी धरून दोन पावसाळ्यांत संपतं. नायलॉन किंवा सिंथेटिक घ्या. नाड्यांची भोकं लोखंडी असतील तर खाडीच्या खाऱ्या पाण्यात गंज ठरलेला.

६. *सोल शिवलेला आहे का?* नुसता चिकटवलेला असेल तर घरी नेतानाच मोच्याकडे थांबा आणि नायलॉनच्या दोऱ्याने कडेने शिवून घ्या. सोल नदीत सुटला तर परतीचा रस्ता लंगडत.

७. *ओली लादी.* दुकानदाराला पाणी मागा. लादीवर शिंपडा, बूट घालून उभे राहा, वजन एका पायावर घेऊन टाच हळूच पुढे ढकला. लोक हसतील. एकदा एका दुकानात मला मालकाने विचारलं, "बूट घ्यायला आलात की फरशी पुसायला?" पण तिसरी जोडी लादीला चिकटली आणि तोही गप्प झाला.

सेफ्टी बुटांच्या दुकानात गेलात तर आत एसआरए, एसआरबी, एसआरसी अशा खुणा दिसतील. पहिली म्हणजे साबणाच्या पाण्याने भिजलेल्या सिरॅमिक लादीवर घेतलेली चाचणी, दुसरी ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवरची, तिसरी म्हणजे दोन्ही. कारखान्याच्या फरशीसाठी ही माहिती कामाची आहे. शेवाळल्या गोट्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

> सावधान: बरेच दिवस खोक्यात पडून राहिलेला बूट सवलतीत मिळाला तर तळ नीट दाबून बघा. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत आतून कुजतो. बाहेरून नवा दिसतो आणि तिसऱ्या फेरीला बिस्किटासारखा भुगा होतो. कोकणात हे मी दोनदा पाहिलं आहे. एकदा स्वतःच्या पायात.

पायरी ४: माप

संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. नदीत घालणार तेच मोजे घालून मापा. आपलं पाणी थंडगार नसतं, त्यामुळे परदेशी व्हिडिओंत दिसणारे निओप्रीनचे जाड मोजे आणि छातीपर्यंतचे वेडर (पाणी न शिरणाऱ्या विजारी) इथे बहुतेकांना नको असतात. पातळ लोकरीचे किंवा नायलॉनचे मोजे पुरतात. सुती मोजे ओले झाले की गोळा होतात आणि फोड आणतात.

नाड्या घट्ट बांधून टाच उचला. टाच आत सरकली तर बूट मोठा. मग उतारावर, किंवा दुकानाच्या पायरीवर, टोक खाली करून उभे राहा. बोटं पुढे आदळली तर लहान. "ओला झाल्यावर सैल होईल" म्हणून घट्ट घेऊ नका, आणि "जाड मोजे घालीन" म्हणून दोन नंबर मोठाही नको. बुटाच्या आत पाय हलत असेल तर सोलची पकड कितीही असो, तुम्ही घसरणार आहात, फक्त आतल्या आत.

पायरी ५: घरची परीक्षा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सोपी आहे आणि अर्ध्या तासात होते.

मासा तोलायचा स्प्रिंगकाटा तुमच्याकडे असेलच. प्लास्टिकच्या पिशवीत २ किलो वाळू भरून बुटात ठेवा. घराजवळच्या पऱ्यातला (लहान ओढ्यातला) शेवाळलेला, सपाट दगड शोधा. बूट त्यावर ठेवा, काटा नाडीत अडकवा आणि दगडाला समांतर, हळूहळू ओढा. बूट ज्या क्षणी सुटतो त्या क्षणीचा आकडा लिहा. तीनदा करा. मग तेच जुन्या बुटाने करा. वाळू तीच, दगड तोच, पण दगडावरची जागा थोडी बदला, कारण पहिल्या ओढीत तिथलं शेवाळ निघालेलं असतं.

आकडा किती यायला हवा असं विचारू नका. दगडागणिक तो बदलतो. तुलना करा. समजा गमबूट ६०० ग्रॅमला सुटला आणि नवा बूट १ किलो १०० ग्रॅमला, तर पैसे वाया गेले नाहीत. दोन्ही जवळपास सारखेच सुटले तर खिळे किंवा सुंभ लावून पुन्हा ओढा. आकडे वहीत ठेवा, पुढे लागतील.

नंतर बूट पायात घालून ओली पाखाडी चढा-उतरा, दहा-बारा पायऱ्या, हाताशी गडग्याचा (दगडी कुंपणाचा) आधार ठेवून. फोड कुठे येणार ते इथेच कळतं.

> खिळे बसवताना: लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी हवी. बसवल्यावर आत हात घालून तळ चाचपा. टोक लागलं तर तो खिळा काढा. खिळे कडेने आणि टाचेला लावा, मधला भाग रबरासाठी मोकळा ठेवा.

पायरी ६: पाण्यात उतरण्याचा क्रम

बूट कितीही चांगला असो, चुकीच्या क्रमाने उतरलात तर तो वाचवणार नाही.

*आधी पाण्याचं वेळापत्रक.* खाडीत जात असाल तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, हेही धरा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं आणि वेगानं चढतं. सुकतीला (ओहोटीला) चालत गेलेल्या खडकावरून परतीची वाट बुडते ती अशीच.

नदीत भरती नसली तरी धरण असतं. कोयना प्रकल्पात वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटतं आणि कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. म्हणजे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं. काठावरच्या गावात विचारा, त्यांना वेळा माहीत असतात. आणि उतरताना पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड हेरून ठेवा. तो भिजला की गळ गुंडाळायचा, मासा लागलेला असला तरी.

*मग काठी.* छातीएवढी बांबूची, दोरीने कमरेला बांधलेली. क्रम असा: काठी पुढे, टेकली की एक पाय, तो बसला की दुसरा. तीनपैकी दोन आधार कायम जमिनीवर. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवा, म्हणजे पाणी तिला तळात दाबतं.

*मग पाय.* गोट्याच्या माथ्यावर पाऊल ठेवू नका, दोन गोट्यांच्या मधे ठेवा. पाऊल उचलून टाकायचं नाही, सरकवत न्यायचं. वजन टाकण्याआधी थोडं दाबून बघायचं. प्रवाहाला अंगाची कड द्या, पाठ देऊ नका. पाणी गुडघ्याच्या वर आलं की परत फिरा. गुडघ्याखाली बूट तुम्हाला धरतो. त्याच्या वर पाण्याचा जोर बुटापेक्षा मोठा होतो.

खाडीच्या वाळूत पाऊल सरकवण्याचं आणखी एक कारण आहे: पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा. ती वाळूत लपून बसते, आणि पाय तिच्या पाठीवर पडला तर शेपटीचा काटा मारते. पाय घासत गेलात तर आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पण भाजणार नाही असं बघून, पाय बुडवून ठेवा. कळ कमी होते. मग दवाखाना. पोटात-छातीत काटा लागला तर तो ओढून काढायचा नाही, तसंच न्यायचं.

चिखलात पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. मागे झुका, पाय गोल-गोल हलवून बाजूला पाणी शिरू द्या, मग टाच आधी उचला. घाई केली तर दुसरा पायही तेवढाच आत जातो.

> पडलात आणि प्रवाहानं उचललं तर: उभं राहायची धडपड करू नका, गोट्यांत पाऊल अडकेल. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, तिरके काठाकडे सरका. गळ सोडून द्या. गळ दुसरा मिळतो.

एकटे जाऊ नका, हे सगळे सांगतात आणि सगळेच एकटे जातात. निदान घरी कोंडीचं नाव सांगून जा. "नदीवर गेलोय" म्हणजे कुठे शोधायचं?

पायरी ७: घरी आल्यावर

आधी पाय. खरचटलं असेल तर साबणाने धुवा, कोरडं करा. कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) नवा नाही. जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शिरतो आणि ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर माणूस नदी विसरलेला असतो. म्हणून ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं असं झालं तर डॉक्टरांना न विसरता सांगा की मी नदीत उभा होतो. अनवाणी जाणाऱ्या जुन्या माणसांची पकड बोटांत असते आणि ती कोणत्याही बुटापेक्षा चांगली, हे मी मान्य करतो. पण त्यांच्या काळी नदीत बाटल्यांच्या काचा नव्हत्या. आता आहेत.

मग बूट. खाडीचं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने आत-बाहेर धुवा, नाड्या काढून. सोलच्या खाचांतलं शेवाळ जुन्या ब्रशने काढा. आतला तळवा बाहेर काढून वेगळा वाळवा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, चिकटवलेला जोड सुटतो. माळ्यावर वाऱ्याला टांगा. पावसाळी हवेत बूट दोन दिवसांत वाळत नाही, त्यामुळे सलग दोन दिवस जायचं असेल तर दुसरी जोडी हवीच. सोलची कड सुटायला लागली तर लगेच मोच्याकडे. अर्धा सुटल्यावर सोल्यूशन धरत नाही.

आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास, पायरी ५ मधला काटा पुन्हा काढा. तोच दगड, तीच २ किलो वाळू. बूट नवा असतानाचा आकडा वहीत आहेच. तो चौथ्या हिश्श्याने उतरला असेल तर वरून कितीही ठणठणीत दिसो, नदीसाठी तो बूट संपला. आमच्याकडे असे तीन जोड आहेत. आई ते घालून माडांना शेणखत घालते.